दिवेलागणीचा ओटीपी

हॅलो, आवाज येतोय ना? मी बोलतोय. मी म्हणजे सुदामा नगरच्या पागनीसांचा बटणांचा फोन. हसा, खुशाल हसा! माझ्यात कॅमेरा नाही, नेट नाही, माझ्यावर रील दिसत नाही. पण गेल्या वर्षी एका गोडबोल्या चोराने या घराच्या तिजोरीला हात घातला, तेव्हा तो पोराच्या महागड्या फोनमधून आत आला आणि माझ्यापाशी येऊन अडला. एवढं झाल्यावर मी थोडी फुशारकी मारली तर बिघडलं कुठे?

मला जेल रोडच्या दुकानातून लक्ष्मीकांतरावांनी आणलं. दुकानदार नवेनवे चकचकीत फोन दाखवत होता आणि हे आपले आमच्या शहराच्या हिंदीत, भैयाला 'भिया' म्हणत, एकच विचारत होते, "भिया, बॅटरी कितने दिन चलेगी?" त्यांच्या खिशात मी सुखाने दिवस काढले. ते गेले आणि मी त्यांच्या पत्नीकडे, शारदाबाईंकडे आलो. शारदाबाई मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. माझी बटणंसुद्धा त्या टाका घालावा तशी जपून, एकेक दाबतात. माझ्या पाचाच्या बटणाखाली शेवेचा चुरा अडकलाय, तो मात्र अजून निघालेला नाही.

त्यांचा मुलगा निखिल मला 'डब्बा' म्हणतो. आईच्या बँकेचे व्यवहार त्याने स्वतःच्या फोनवर घेतले होते, पण पैसे हलवायला लागणारा ओटीपी माझ्यावरच यायचा. तो बाहेरून ओरडायचा, "आई, नंबर सांग!" आणि शारदाबाई हातातला झारा तसाच धरून मोठ्याने वाचून दाखवायच्या. विजेचं बिल असेल, गॅस असेल. कशाचा नंबर, हे कोणी विचारत नव्हतं. पोटच्या पोराला काय विचारायचं? तुम्हा माणसांची हीच तर गंमत आहे. दाराला तीन कुलपं लावता आणि किल्ली हाक मारेल त्याच्याकडे फेकता!

निखिल लग्नांचे व्हिडिओ काढतो. कर्ज काढून त्याने ड्रोन घेतला. सिरपूरच्या तळ्यावर नवरा-नवरीचं शूटिंग चाललं होतं. ड्रोनने त्यांच्या डोक्यावरून ऐटीत एक फेरी मारली आणि धपकन पाण्यात! ड्रोन बुडाला, हप्ते राहिले. हप्ते भरायला क्रेडिट कार्ड, कार्ड भरायला मोबाईल ॲपवरचं कर्ज, असं करत पोरगा गळ्यापर्यंत रुतला. वसुलीवाल्यांचे फोन आले की गच्चीवर जाऊन बोलायचा. आईला एका शब्दाने कळू दिलं नाही.

आणि तेव्हाच त्याला जाहिरात दिसली, 'कर्ज अर्धं माफ, कायदेशीर मार्गाने'. फोनवर कोणी विक्रांत सर. काय ती मधाळ वाणी! "निखिल भिया, टेन्शन मत लो, अपन बैठे हैं ना." त्याने आधार मागितलं, पॅन मागितलं, सेल्फी मागितली. याने सगळं पाठवलं. मग त्याने दोन लाखांची आगाऊ फी मागितली आणि वर सल्ला दिला, "घर पे मत बताना, घरवाले खाली-पीली परेशान होते हैं."

दोन लाख आणायचे कुठून? घरात एकच ठेव होती. लक्ष्मीकांतरावांच्या फंडातून शारदाबाईंच्या नावे ठेवलेली एफडी. तिच्या व्याजावर पेन्शनची उणीव भरून निघायची, आणि उद्या हातपाय चालेनासे झाले तर तिचाच आधार होता. ती गेली की बाईंच्या हाती काही उरत नव्हतं. तरी निखिलने तीच मोडायला काढली. हे सगळं मला मागाहून कळलं. आधी कळतं तर मी ठणाणा वाजून घर डोक्यावर घेतलं असतं!

तो गुरुवार होता. शारदाबाईंनी देवापुढे दिवा लावला, हात जोडले, आणि शेजारच्या फळीवर मी थरथरलो. बाहेरच्या खोलीतून हाक आली, "आई, नंबर सांग ना, लवकर!"

बाईंनी चष्मा चढवला. "पैसे येणारे रे, की जाणारे?"

"जाणारे. म्हणजे... येतील परत. तू सांग ना यार!"

"जाणारे असतील तर सकाळी. दिवा लागलाय."

आता ही बाईंची जुनी रीत. दिवेलागण झाली की घरातून पैसा बाहेर द्यायचा नाही, लक्ष्मी पाठ फिरवते. दूधवाला उशिरा आला तर त्यालाही ऐकून घ्यावं लागतं, "भैयाजी, सुबह ले जाना."

"आई, ऑनलाइनला कसला आलाय दिवा?" निखिल आत धावत आला. त्याच्या हातातला फोन स्पीकरवर होता.

"ऑनलाइन जाऊ दे नाही तर पाकिटातून. लक्ष्मी ती लक्ष्मी."

स्पीकरमधून मध ठिबकला, "माताजी, प्रणाम. ऑफर आज सात बजे तक की ही है. बेटे की ज़िंदगी का सवाल है."

"भिया, सुबह तक रुक जाओ," शारदाबाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्हारे यहाँ दिया नहीं लगता क्या?"

पलीकडून एकदम, "ऐ बुढ़िया, ढकोसला बंद कर! नंबर बोल, नहीं तो कल पुलिस भेज के तेरे छोरे को उठवाता हूँ!"

मी खूप आवाज ऐकलेत, पण माणूस इतक्या पटकन उलटलेला कधी ऐकला नव्हता. आपल्या आईशी असं कोणी बोललेलं निखिलने जन्मात ऐकलं नसेल. त्याने फोन कापला.

"पोलीस? कशाबद्दल रे? काय लफडं ए हे?"

मग काय, बांध फुटला. ड्रोन, कार्ड, ॲप, विक्रांत सर, सगळं सांगून झालं. "तुला सांगायची लाज वाटत होती गं," म्हणून पोरगा हमसून रडला. मलाही वाईट वाटलं हो! मला डब्बा म्हणतो, तरी घरचंच पोर ते.

शारदाबाईंनी त्याला आधी रडू दिलं. मग म्हणाल्या, "उसवलंय ना? मग उलटं करून दाखवायचं असतं. नुसतं वरून ठिगळ लावलंस तर आत फाटतच जाणार." त्याच बैठकीत त्यांनी बँकेचा पासवर्ड बदलायला लावला. १९३०ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरावर, निखिलने तक्रार नोंदवली. आधारचं बायोमेट्रिकही त्याने लॉक केलं.

सकाळी दोघं कर्ज देणाऱ्या बँकेत गेले. मी बाईंच्या पर्समध्ये होतोच. तिथल्या संहिता मॅडम म्हणाल्या, "कर्ज आमचं आहे, तर आमच्याशी बोला ना! मधला माणूस आधी फी मागतोय म्हणजे तिथून पळायचं." अर्धं माफ वगैरे काही झालं नाही, पण हप्ता निखिलला झेपेल एवढा करून मिळाला. कार्ड आणि ॲपवाल्यांशीही त्याने तसंच थेट बोलून घेतलं. त्याचा क्रेडिट रिपोर्ट काढला, तर त्याच्या कागदांवर कोणीतरी नवीन कर्ज मागितलेलं! हे आपलं नाही, असं त्या कर्ज देणाऱ्यांना लगेच लेखी कळवलं म्हणून ते थांबलं. नाही तर आणखी एक हप्ता मानेवर बसला असता.

आता मी थकलोय. बॅटरी फुगलीये, पाठीला रबरबँड आहे. पण बँकेचा ओटीपी अजून माझ्यावरच येतो. शारदाबाई आधी अख्खा मेसेज वाचतात, पैसे कोणाला आणि कशाला ते विचारतात, मग ठरवतात. निखिलही चिडत नाही. एफडी जागच्या जागी आहे.

ओटीपी कोणाला सांगू नका, हे तर मी तुम्हाला दर मेसेजात सांगतो आणि तुम्ही वाचत नाही. म्हणून आज दुसरं सांगतो. त्या भामट्याला पैसा नंतर हवा होता, आधी पोराने आईपासून तोंड लपवणं हवं होतं. पोराची सगळी दुःखं त्या परक्या माणसाला ठाऊक होती, आणि भिंतीपलीकडे झोपणाऱ्या आईला नाही. तेव्हा कर्जात अडकला असाल तर घरी सांगा बाबांनो. आई रागावेल, दोन दिवस अबोला धरेल, पण ती आगाऊ फी मागत नाही.