पाचशेतली तिसावी

सप्टेंबर उजाडला की माझ्या खोलीबाहेर रांग लागते आणि रांगेतल्या प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो. "मिस गिड्री, मला मिळेल का?" सव्वीस वर्षं मी या हायस्कूलमध्ये समुपदेशक आहे. नाव समुपदेशक, काम ज्योतिषाचं. मुलाचे गुण बघायचे, प्रवेशपरीक्षेचा आकडा बघायचा, वर्गातला क्रमांक बघायचा आणि राज्यातल्या कुठल्या सरकारी विद्यापीठात त्याची डाळ शिजेल ते सांगायचं. दहात नऊ, दहात पाच, दहात एक. मी असं आकड्यातच सांगते. आईबापांना ऐकायचं असतं की मनापासून प्रयत्न केला तर काहीही शक्य आहे. ते त्यांनी रविवारी चर्चमध्ये ऐकावं.

आता मी थकले आहे. चारशे अकरा मुलं माझ्या नावावर आहेत. गुडघे दुखतात, आणि खोलीतला एसी मे महिन्यापासून नुसता घरघरतो. निवृत्तीला अठरा महिने उरलेत. तेवढे गपगुमान काढायचे असं मी ठरवलं होतं.

येसेनिया बारिएंतोस शेवटच्या वर्षाला होती आणि रोज चौथ्या तासाला माझ्या खोलीत मदतीला यायची. फोन घ्यायची, कागद लावायची, रडणाऱ्या आयांना पाणी द्यायची. बाप रिफायनऱ्यांमध्ये वेल्डिंग करतो, जिथे काम निघेल तिथे जातो. त्यांचं घर तीनदा पुरात बुडालं. तिसऱ्यांदा बुडालं तेव्हा ही नववीत होती, आणि तेव्हापासून तिने डोक्यात घेतलं होतं की पाण्याचं इंजिनिअरिंग शिकायचं, तेही राज्याच्या सर्वांत नावाजलेल्या विद्यापीठात. कारण पुरावर काम करणारे लोक तिथेच आहेत.

प्रवेशपरीक्षेत तिला सोळाशेपैकी एक हजार नव्वद. त्या आकड्यावर तिथे कुणी दारात उभं करत नाही. पण आमच्या टेक्सासात कायदा आहे: प्रत्येक शाळेतल्या वरच्या सहा टक्के मुलांना त्या विद्यापीठाने घ्यायचंच. निबंध नको, ओळख नको, कुणाच्या मामाचा फोन नको. बाकीच्यांनी अर्जांच्या ढिगात पडायचं. आमच्या शेवटच्या वर्षात पाचशे मुलं होती. पाचशेचे सहा टक्के तीस, आणि येसेनिया तिसावी.

"म्हणजे मिस, दहात दहा?" तिने विचारलं होतं.

"दहात दहा," मी म्हणाले. हे मी वर्षातून फार कमी वेळा म्हणते.

फक्त एक गोष्ट होती. आमच्या जिल्ह्यात ऑक्टोबरच्या दुसऱ्या शुक्रवारी वर्गाची संख्या मोजतात आणि त्यावर सहा टक्के काढतात. अपूर्णांक आला तर कापून टाकतात. चारशे नव्याण्णवचे एकोणतीस पूर्णांक चौऱ्याण्णव होतात. म्हणजे एकोणतीस.

त्या शुक्रवारच्या आधीच्या आठवड्यात, मंगळवारी, ओदालिस त्रेहोचा शाळा सोडल्याचा कागद माझ्या ट्रेमध्ये आला. या कागदावर सात सह्या लागतात. पुस्तकं परत केली, लॅपटॉप परत केला, कॅन्टीनची बाकी नाही, असं करत करत शेवटची सही समुपदेशकाची. ओदालिसही शेवटच्या वर्षालाच, क्रमांक तीनशेच्या पुढे कुठेतरी. आईला डायलिसिस सुरू झालं, म्हणून ही कोळंबी सोलायच्या शेडमध्ये पहाटेच्या पाळीला लागली होती. सहा सह्या झाल्या होत्या. मी पेन उचललं, पाचशेतून एक वजा केला, आणि पेन खाली ठेवलं.

कागद मी ट्रेच्या तळाशी सरकवला. खोटी सही केली नाही, काही फाडलं नाही, फक्त घोंगडं भिजत ठेवलं. सरकारी नोकरीत ही कला सगळ्यांनाच येते. ओदालिस तशीही शाळेत येत नव्हती, कागद दहा दिवसांनी हलला तर तिचं काय बिघडणार, असं मी स्वतःला समजावलं. तरी येसेनिया ट्रेजवळ गेली की मी तिला दुसरंच काहीतरी काम सांगायचे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

नवव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, ओदालिस स्वतःच आली. पांढरे रबरी बूट, केसांना जाळी, अंगाला कोळंबीचा वास.

"मिस, माझा कागद झाला का?"

"एवढी कसली घाई गं? कुठे पळून लग्न करतेयस का?" मी हसत म्हणाले. घाबरले की मी अशीच थट्टा करते.

ती हसली नाही. "कॉलेजात संध्याकाळचा वर्ग आहे. बारावीच्या तोडीची परीक्षा देता येते. फुकटाच्या वीसच जागा आहेत आणि आज पाचला नोंदणी बंद. शाळेतून नाव कमी झाल्याशिवाय घेत नाहीत. पुढच्या वेळी म्हणे एकदम पुढच्या वर्षी."

घड्याळात पावणेतीन झाले होते. एकच दिवस, मला फक्त एकच दिवस हवा होता. 'मुख्य ऑफिसातून यायचाय, उद्या ये' एवढं म्हटलं असतं तर ती मान हलवून गेली असती. अशा मुलींना उद्या ये ऐकायची सवयच असते. ते शब्द माझ्या जिभेवर आले होते, हे मी लपवत नाही.

"तुला कुणी सांगितलं कागद माझ्याकडे आहे म्हणून?" मी विचारलं.

"येसेनियाने. ती आमच्या शेजारीच राहते. म्हणाली, आजच जा, आणि मिसच्या समोरून हलू नकोस. ट्रेच्या अगदी खाली आहे म्हणाली."

मी कागद काढला आणि सही केली. ओदालिसने तो दोन्ही हातांनी घेतला, थँक्यू मिस म्हणाली आणि ते बूट वाजवत जवळजवळ पळतच गेली.

शाळा सुटल्यावर मी येसेनियाला थांबवून घेतलं. मला तिचा राग आला होता. राग स्वतःचा यायला हवा होता, पण तो इतक्या सहज येत नाही.

"तुला कळलं होतं मी तो का ठेवलाय?"

"पहिल्याच दिवशी कळलं, मिस. मलाही सहा टक्के काढता येतात."

"मग बोललीस का नाही?"

"कशाला बोलू? मला पण तेच हवं होतं की." ती माझ्याकडे न बघता स्टेपलरशी चाळा करत होती. "पण ती रोज संध्याकाळी कुंपणाशी येऊन विचारायची, आला का गं माझा कागद? मी म्हणायची, नाही अजून. आठ दिवस म्हटलं. काल ती म्हणाली, तू नसतीस तर माझं कुणी बघितलं असतं गं. मग मला नाही जमलं. झोपच लागली नाही."

"अगं, एक दिवस राहिला होता."

"माहितीये." तिने स्टेपलर खाली ठेवला. "आता माझं किती, मिस?"

मुलांना तोंडावर आकडा सांगताना माझा आवाज कधी हलला नव्हता. त्या दिवशी हलला.

"दहात एक."

ती रडली नाही. "बरं," म्हणाली, दप्तर उचललं, आणि दाराशी जाऊन वळली. "बाबांना आज नको सांगायला. आज त्यांचा वाढदिवस आहे. आईने केक आणलाय, मोठा." मग मात्र तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती पटकन निघून गेली. मला माझी लाज वाटली आणि तिची कीव आली, आणि दोन्हीचा तिला काडीचाही उपयोग नव्हता.

ढिगातल्या अर्जाला समुपदेशकाचं शिफारसपत्र लागतं. सोमवारी मी येसेनियाचं लिहायला घेतलं. कष्टाळू आहे, जबाबदार आहे, अत्यंत प्रामाणिक आहे. वाचून पाहिलं. हेच मी दरवर्षी दीडशे मुलांबद्दल लिहिते, त्यातली चाळीस तर कॉपी करताना सापडलेली असतात. अर्ज वाचणाऱ्याला एका पत्रामागे दोन मिनिटं मिळतात, आणि त्या शब्दांवरून त्याची नजर घसरत जाणार हे मला पक्कं माहीत होतं. त्याचा हात थांबेल अशी एकच गोष्ट माझ्याकडे होती. ती लिहायची म्हणजे स्वतःची मान आपल्या हाताने फासात द्यायची.

मी ती लिहिली. ही मुलगी पाचशेत तिसावी होती. तिची जागा वाचावी म्हणून मी दुसऱ्या मुलीचा कागद नऊ दिवस अडवला. हिने तो सोडवायला लावला, काय जाणार हे नीट माहीत असताना. अर्ध्या पानात सगळं मावलं. मग ते घेऊन मी मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांना बाहेरून कळायला नको होतं.

टेरेल ब्रूसार्ड आमचा मुख्याध्यापक. माझाच जुना विद्यार्थी, म्हणून अजून मला मिस म्हणतो. त्याने पत्र दोनदा वाचलं आणि उठून दार लावलं.

"मिस गिड्री, हे वाक्य काढा."

"कुठलं?"

"कुठलं म्हणून काय विचारताय? कागद अडवला ते. म्हणा, ऑफिसात राहून गेला होता. कागद राहतात."

"राहून गेला म्हटलं तर तिने काय सोडलं ते कळत नाही रे. मग राहतं काय, फोन घेणारी एक गुणी मुलगी."

"हे बाहेर गेलं की मला चौकशी लावावी लागेल. तुमचा परवाना जाईल. अठरा महिने राहिलेत तुमचे, आणि पेन्शनचं काय होईल ते मी आत्ता सांगूही शकत नाही." तो हळू आवाजात बोलत होता, मनापासून. चांगला मुलगा आहे तो. "बरं, हे न घालता तिची शक्यता किती?"

"दहात एक."

"आणि घालून?"

मी खोटं बोलू शकले असते. दहात पाच म्हटलं असतं तर त्यालाही जरा बरं वाटलं असतं.

"दहात दोन."

"दोन? एवढ्यासाठी?"

"दुप्पट झाली रे ती," मी म्हणाले.

त्याने पत्र मला परत दिलं. माझ्या खोलीबाहेर रांग लागलेली होती. पाचच मिनिटं थांबा असं त्यांना सांगून मी आत गेले आणि पत्र होतं तसं पाठवून दिलं.