पहिल्या नंबरचं पोस्टर

व्यसनमुक्तीच्या पोस्टर स्पर्धेसाठी मुख्याध्यापकांनी मुलांना पंक्चर चिकटवायच्या उग्र वासाच्या सोल्युशनच्या ट्यूबा वाटल्या, तेव्हाच चित्रकलेच्या बाईंनी विचारलं होतं, "सर, साधा डिंक नाही का चालणार?"

"डिंक टिकत नाही, बाई. पाहुण्यांसमोर शोभा नको."

शोभा व्हायची ती झालीच. पाहुणे 'व्यसनमुक्त शाळा' असं प्रमाणपत्र द्यायला उठले आणि त्यांच्यामागे पहिल्या नंबरच्या पोस्टरवरची कापलेली अक्षरं एकेक करून गळायला लागली. पाहुण्यांनी भाषण थांबवलं नाही. सवय असणार.

बाईंनी वाकून अक्षरं गोळा केली. मागे सोल्युशनचा ठिपका नव्हता. पिठाची खळ होती, तीही कच्ची. मग ट्यूब गेली कुठे? पोस्टर करणारी नववीतली मुलगी पहिल्याच रांगेत नाकाशी रुमाल धरून बसली होती. शिंक मात्र एकही येत नव्हती. सगळ्या शाळेत चित्रकलेचा असा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

शाळेचा नियम सरळ होता: नशा करताना सापडलं की दाखला हातात. त्यामुळे शाळेत व्यसनी कुणी उरतच नसे आणि प्रमाणपत्र दरवर्षी मिळे. गेल्या वर्षी काढलेली दोन मुलं आता दिवसभर समोरच्या पुलाखाली सोल्युशन हुंगत पडून असत. ती शाळेच्या हद्दीबाहेर, म्हणून हिशोबाबाहेर.

"काय हो हे, बाई?" मुख्याध्यापक कुजबुजले. "कुणाचं पोस्टर?"

"चूक माझी, सर. खळ वापरायला मीच सांगितलं." बावीस वर्षांच्या नोकरीत बाई पहिल्यांदाच सरांशी खोटं बोलल्या, आणि ते त्यांना बरं जमलं.

शाळा सुटल्यावर त्यांनी मुलीला चित्रकलेच्या खोलीत बोलावलं. "ट्यूबा काढ."

मुलीने दप्तरातून तीन काढून टेबलावर ठेवल्या. त्यातल्या दोन मैत्रिणींकडून मागून घेतलेल्या. "बाई, दाखला देणार?"

"खळ शिजवायला शिकवणार. रोज मधल्या सुटीत यायचं. आत्ता मी तुझ्या आईकडे येतेय, आणि उद्या आपण तिघी डॉक्टरांकडे जाणार. रडायचं तर रड, पण चल."

मुलगी दारापर्यंत गेली, थांबली, परत आली. मोज्यात हात घालून तिने चौथी ट्यूब काढली आणि त्या तिन्हींशेजारी नीट ओळीत ठेवली.

चौथीबद्दल बाईंना काहीच ठाऊक नव्हतं. रडल्या त्या बाईच.