उतरलेला आंबा

मुंतहाने सिगारेट सोडून व्हेप, म्हणजे ती वाफेची विजेरी सिगारेट, धरली तेव्हापासून आमच्या तिघी मैत्रिणींच्या सकाळच्या कॉफीला फळगाडीची कळा आली होती. कधी कलिंगड, कधी पुदिना घातलेलं कलिंगड, कधी लिची, एकदा तर चक्क सायीच्या मिठाईचा स्वाद. हृदयात स्टेंट घातल्यावर डॉक्टरांनी तिला धूर बंद करायला सांगितला होता. तिने त्यातून आपल्या सोयीचा तेवढा अर्थ काढला. कुवेतमधला तिचा मुलगा येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर रंगीत बाटल्या पाठवायचा. नवी बाटली भरली की पहिला झुरका ती माझ्या तोंडावर सोडायची आणि विचारायची, "सांग अफीफे, काय आहे?"

मलाच का, तर मगदूशेत नाक म्हटलं की माझं. आमचं गाव नारिंगाच्या फुलांच्या पाण्यासाठी ओळखलं जातं. एप्रिलमध्ये घरोघरी तांब्याची भांडी चढतात, फुलं उकळतात, नळीतून थेंब थेंब पाणी उतरतं, आणि कुठे थांबायचं ते नाकाने ठरवायचं असतं. जरा उशीर झाला की पाण्याला शिजलेल्या पालेभाजीचा वास लागतो. अर्धं गाव आपल्या बाटल्या घेऊन माझ्या दारात यायचं. आई गेली तेव्हा तिचे दागिने भावजयीला मिळाले आणि मला तिचं नाक मिळालं, असं मी सगळ्यांना सांगायची. भावजयीला टोमणा म्हणून सांगायची, पण ते खरंच होतं.

ते नाक जानेवारीत गेलं.

ताप आला, उतरला, आणि एका सकाळी कॉफी उतू जाऊन शेगडीवर करपली तरी मला काहीच कळलं नाही. मी वेलदोड्याच्या डब्यात नाक खुपसलं. काही नाही. कांदा कापला, डोळ्यांत पाणी आलं, पण वास नाही. तेव्हा जी भीती मनात शिरली ती पुढे एक दिवसही बाहेर पडली नाही.

भीती नाकाची नव्हती, घराची होती. नाताळात माझा मुलगा तौफीक मॉन्ट्रियलहून आला होता तेव्हा मी मसूर शिजायला ठेवून झोपून गेले होते आणि पातेलं काळंठिक्कर झालं होतं. नवरा गेल्यापासून मी या घरात एकटी. तौफीक ओरडला असता तर मीही ओरडले असते आणि मामला मिटला असता. पण तो पातेलं घासत शांतपणे म्हणाला, "आई, पुन्हा असं काही झालं ना, तर मी तुला विचारणार नाही. खाली सैदा शहरात सिस्टरांकडे तुझी सोय करीन." चर्चच्या सिस्टरांचा तो वृद्धाश्रम मी पाहिलाय. स्वच्छ आहे, सिस्टर गोड बोलतात, आणि स्वयंपाकघराला कुलूप असतं.

म्हणून मी गप्प राहिले. डॉक्टरकडे जावं तर गावातला डॉक्टर लोरचा भाचा. आणि लोर म्हणजे आमच्या कॉफीतली तिसरी, तौफीकची बाप्तिस्म्यातली धर्ममाता, दर रविवारी त्याला फोन करणारी. जिवाला जीव देणारी बाई आहे, पण तोंडात तीळ भिजत नाही. मग मी चेहरे वाचायला शिकले. मुंतहाने झुरका सोडला की मी आधी लोरकडे बघायची. तिच्या भुवया वर गेल्या तर आंबट, ओठ चाटले तर गोड. बाकीचं काम बाटलीच्या रंगावरून भागायचं. फुलांचं पाणी मी घड्याळ लावून उतरवू लागले. कोणी काही बोललं नाही. माझं नाक चुकेल असं कोणाच्या मनातच येत नव्हतं.

त्या दिवशी स्वयंपाकघरात गॅसवर मोसमातलं तिसरं भांडं चढवलं होतं. मंद आच, कणकेने लिंपलेलं झाकण, नळीखाली काचेची मोठी बाटली. थेंब पडत होते, टप, टप. वीज गेलेली होती, नेहमीसारखी. दोघी ठरल्याप्रमाणे आल्या. लोर पुढून आणि मुंतहा मागच्या दाराने, समुद्रावरचं वारं घेऊन. दार धाडकन आपटलं, भांडीसुद्धा वाजली.

"अगं, दार आहे की शत्रू आहे तुझा?" मी म्हटलं.

"गुडघा बघ माझा आधी. चढण चढून येते मी, तुझं दार सांभाळत बसू?" मुंतहा धापा टाकत खुर्चीत बसली. "आणि खिडकी लाव गं बाई, गारठा आहे."

मी खिडकी लावली. बाहेरच्या शेगडीवर केलेली कॉफी कपांत ओतली. मुंतहाने पिशवीतलं नवं रत्न काढलं, पिवळ्या रंगाची बाटली, आणि व्हेपमध्ये थेंब सोडले.

"हा बघ आंबा! इजिप्तचा. कुवेतमध्ये रांगा लागतात म्हणे याला."

"रांगेत सगळ्या तुझ्यासारख्या म्हाताऱ्या असतील," लोर म्हणाली.

"म्हातारी तुझी सासू. माझं हृदय नवं आहे."

मग बोलणं नेहमीच्या वळणावर गेलं. जनरेटरवाल्याने पुन्हा भाव वाढवला. मुंतहाच्या सुनेने पडदे धुवायला काढले आणि ते आखूड झाले, आता खिडकी चड्डी घातल्यासारखी दिसते. लोरच्या शेजाऱ्याने कोंबडा पाळलाय, तो दुपारी आरवतो. मी हसत होते, पण कान थेंबांकडे होते. टप, टप. नाक गेल्यापासून मी कानांवर जगत होते.

लोरने नाक मुरडलं. "मुंतहा, काय घाण वास आहे गं तुझ्या आंब्याला. लसूण सडल्यासारखा."

"तुला काय कळतंय? तू आयुष्यभर हुक्क्यात सफरचंद ओढलंस."

"नाही गं, खरंच." लोर इकडेतिकडे वास घेत माझ्याकडे वळली. "अफीफे, गॅस तर येत नाही ना?"

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

मी भांड्याकडे पाहिलं. थेंब पडत होते. पडत होते म्हणजे आच आहे, आच आहे म्हणजे सगळं ठीक आहे. खोल श्वास घेतला. त्या श्वासात काहीही नव्हतं, जानेवारीपासून कधीच नव्हतं. मला एवढंच म्हणायचं होतं, "थांब, उठून बघते." पण उठून बघणारी अफीफे म्हणजे नाकाने न कळलेली अफीफे. लोरच्या डोळ्यांत मला रविवारचा फोन दिसला. मी आवाज चढवला.

"माझ्या स्वयंपाकघरात गॅस येईल आणि मला कळणार नाही? आंबाच आहे तो. पण उतरलेला. उतरलेल्या आंब्याला असाच वास येतो. मुंतहा, तुझ्या मुलाला कोणीतरी जुनी बाटली गळ्यात मारली."

"मारली असेल," मुंतहा हिरमुसून म्हणाली. "तो बापावर गेलाय. त्याला कोणीही फसवतं."

लोरचा चेहरा लगेच निवळला. "हां, मग बरोबर. उतरलेला आंबा. तरीच." आणि तिने बिस्किट कॉफीत बुडवलं.

मुंतहाने आणखी दोन झुरके घेतले आणि लोरच्या शिव्या खाल्ल्या. लोर कपाळ चोळायला लागली. "डोकं जड झालंय गं. या आंब्यानेच." मुंतहा म्हणाली, "तुझं डोकं लग्नापासून जड आहे." मी म्हटलं, "थांबा, आणखी कॉफी ठेवते, डोकं उतरेल." बाहेर वारं होतं, म्हणून आत, भांड्याशेजारच्या बर्नरवर ठेवावी असं ठरवलं. किटली भरली. काडेपेटी घेतली. काडी काढून पेटीच्या कडेला टेकवली.

आणि तेव्हा मला जाणवलं की टप असा आवाज येत नाहीये.

मी काडी तशीच धरून थांबले. मुंतहा पडद्यांबद्दल पुन्हा काही सांगत होती. मी वाट पाहिली. नळीच्या टोकाला एक थेंब लोंबत होता, तो पडेना. मी खाली वाकून भांड्याच्या बुडाशी पाहिलं. तिथे निळी रेघ नव्हती. बटण चालू होतं, आणि तिथे काळोख होता.

दार आपटलं तेव्हा आच विझली असणार. भांडं तापलेलं होतं म्हणून थेंब चालू राहिले. तेव्हापासून सगळा गॅस या बंद खोलीत, आमच्या पायांशी साठत होता.

काडी पेटीवर घासली जाईल म्हणून मी दोन्ही हात एकमेकांपासून लांब नेले. मागे वळले तर मुंतहा व्हेप ओठांकडे नेत होती.

"दाबू नकोस!"

"बास झालं आता, आंबा एवढाही वाईट नाही..."

"मुंतहा, दाबू नकोस! गॅस आहे! बाहेर चला, बाहेर!"

मुंतहाचा अंगठा बटणावर होता. त्यात ठिणगी असते की नसते मला माहीत नाही, आजही नाही. तिने अंगठा असा उचलला की जणू चटका बसला. मी बटण बंद केलं, सिलिंडरचा रेग्युलेटर फिरवला, खिडकी सताड उघडली. मागचं दार लोरने उघडलं. मुंतहाचा गुडघा वाकेना, तिला मी बगलेत धरून ओढलं. आणि उंबऱ्यापाशी मला फ्रिज आठवला. वीज कधीही येणार होती. ती आली की फ्रिज आधी खडखडतो, मग थरथरून सुरू होतो. त्याचा प्लग लावलेला होता. परत आत जायचं धाडस मला झालं नाही. मी मुंतहाला अंगणात नारिंगाच्या झाडापर्यंत ओढत नेलं आणि आम्ही तिघी एकमेकींना धरून उभ्या राहिलो.

आतून फ्रिज खडखडला.

लोरने डोळे मिटून मारियामातेचं नाव घेतलं. मी घराकडे पाहत होते. माझं घर, माझ्या नवऱ्याने रंगवलेल्या हिरव्या खिडक्या, आणि माझ्या मनात एकच येत होतं, की यांच्या मुलांना काय सांगायचं. फ्रिज थरथरला आणि नेहमीसारखा गुणगुणायला लागला. उघड्या दारातून वारं आरपार वाहत होतं. काही झालं नाही.

लोरने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

"पण तू तर आंबा म्हणालीस."

मी खाली बघितलं. काडी अजून माझ्या मुठीत होती.

"मला वास येत नाही, लोर. जानेवारीपासून. काही म्हणजे काही येत नाही."

"म्हणजे कलिंगड? लिची?" मुंतहाने विचारलं.

"तुमची तोंडं बघून सांगायची."

मला वाटलं, आता शिव्या देतील. त्या मला हव्या होत्या. पण मुंतहा हळू आवाजात म्हणाली, "मलाही आला होता गं तो वास. लोरच्याही आधी. माझ्या आंब्याचा नव्हता तो, मला कळत होतं. पण तू म्हणालीस ना. मग मी म्हटलं, माझंच नाक बिघडलं."

"मीही तेच म्हटलं," लोर म्हणाली. "अफीफे म्हणतेय म्हणजे आंबाच."

मी झाडाला टेकले. गॅस होता, दोन धडधाकट नाकं होती, आणि त्या दोन्ही नाकांवर मी हात ठेवला होता.

लोर जवळ आली. तिने माझ्या मुठीतून काडी काढून घेतली. "ऐक. मी तौफीकला सांगणार नाही."

"तू?"

"मी. मेल्यावरही नाही. तो तुला सैद्याला नेऊन ठेवील, आणि मग सकाळी आम्ही कुठे जायचं? रोज मी आधी येत जाईन, शेगडी बघत जाईन. मुंतहा, तूही शपथ घे."

"घेतली," मुंतहा म्हणाली.

लोरने आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसायचं कबूल केलं होतं. माझं घर वाचलं होतं. इतके महिने मी ज्या गोष्टीसाठी झोप गमावली ती माझ्या हातात आयती आली होती. मला रडू कोसळलं. दोघी माझी पाठ थोपटत राहिल्या आणि मुंतहा म्हणाली, "रडू नकोस, नाहीतर तुला आंबा ओढायला लावीन."

घर वाऱ्याने धुऊन निघाल्यावर आम्ही आत गेलो. लोरने दारातच थांबून दोनदा हुंगलं आणि मान डोलावली. मुंतहा खुर्चीत बसली. लोरने नळीखालची बाटली उचलली. निम्मी भरली होती.

"एवढं पाणी वाया गेलं का गं?" ती म्हणाली, आणि बाटली सरळ माझ्या नाकाखाली धरली. "बघ बरं. चालेल का हे, की बिघडलं?"

ती थट्टा करत नव्हती. तिच्या लक्षातही आलं नव्हतं. मुंतहासुद्धा मान पुढे काढून माझ्या तोंडाकडे बघत होती. दोघींच्या नाकांसमोर ते पाणी होतं आणि दोघी माझ्या निकालाची वाट पाहत होत्या.

"चांगलं आहे" हे शब्द माझ्या जिभेवर तयार होते. मी ते बोलले असते आणि त्यांनी मानले असते. तेव्हा मला जी भीती वाटली ती फ्रिज खडखडला तेव्हाही वाटली नव्हती. माझ्या चुकण्याची नाही, कारण मी चुकणारच होते. या दोघी उद्याही माझंच ऐकणार होत्या, याची.

मी बाटली हाताने बाजूला केली.

"फोन काढ, लोर. तौफीकला लाव."

"अगं, शपथ घेतलीय मी. आणि तिकडे आत्ता मध्यरात्र उलटून गेलीय, झोपलाय तो."

"उठव त्याला," मी म्हटलं.