नोंद किती, गाळप किती

माझ्या वडिलांच्या मते जगात प्रोग्राम एकच, ऊसतोडीचा. कारखान्यात उसाची नोंद करायची आणि पाळी आली की तोडणीची टोळी शेतात येते. नंबर मागं पडू नये म्हणून आमच्या मुरुम गावचा शहाणा शेतकरी दोन कारखान्यांत नोंद करतो. त्यामुळं पुणे आणि हैदराबादच्या दवाखान्यांत फुप्फुस बदलण्याचा प्रोग्राम आहे म्हटल्यावर आप्पांनी लगेच ठरवून टाकलं, "दोन्हीकडं नाव घाला. ज्याची टोळी आदी येईल, त्याचा ऊस."

मी कपाळावर हात मारला. "आप्पा, हितं नाव एकाच जागी लागतंय!"

माझा धाकटा भाऊ व्यंकट कोपऱ्यात नळी लावून बसला होता. त्याची फुप्फुसं कडक होत चालली होती, ऑक्सिजनशिवाय मोरीपर्यंतही जाववत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, फार तर वर्षभर हातात आहे, पुणे की हैदराबाद ते लवकर ठरवा. आणि हा पठ्ठ्या सहा महिने एकच म्हणायचा, "कुठंबी न्या." मला त्याचा भयंकर राग यायचा.

माझं मन हैदराबादकडं झुकलं होतं. चकचकीत पुस्तिका, गोड बोलणं. पुण्याच्या दवाखान्यात फोन उचलणाऱ्या बाईंचा आवाज अगदी कोरडा. रविवारी सकाळी मी दोन्हीकडं स्पीकरवर फोन लावले, तर दोन्ही वेळा आप्पा मध्येच ओरडले, "नोंद किती, गाळप किती?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाईघाईनं मी अर्थ सांगितला, यादीत किती जण आणि गेल्या वर्षी ऑपरेशनं किती.

"अन् सालभरानं हयात किती?" आप्पांनी जोडलं.

मी एम.ए. झालेली मास्तरीण, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता.

हैदराबादचा माणूस म्हणाला, आधी येऊन तर जा. आप्पांनी तीनदा विचारलं, त्यानं तीनदा तेच सांगितलं. पुण्याच्या बाईंनी कागद चाळले. "यादीत चौदा. ऑपरेशनं अकरा. त्यातले नऊ आहेत."

"खरं बोलती बाई," आप्पा पुटपुटले.

तेवढ्यात व्यंकट फोनकडं सरकला. "दोगं कशानं गेली, मॅडम?"

"एकाला जंतुसंसर्ग झाला. दुसऱ्या बाईंच्या शरीरानं नवं फुप्फुस स्वीकारलं नाही." कोरडा आवाज जरा अडखळला. "त्या गेल्या तेव्हा मी तिथंच होते. पण बाकीचे नऊ जण नळीशिवाय जिना चढतात, दादा."

व्यंकटनं धापा टाकतच माझा दंड धरला. म्हणाला, "आक्का, हितंच लिव माझं नाव. मला जगायचं हाय गं."

माझा जीव भांड्यात पडला. सहा महिन्यांत त्याच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. मी हुंदके देऊन रडायला लागले.

"सावकाश," पलीकडून बाई म्हणाल्या. "मी फोन ठेवत नाही. आधी आडनाव सांगा."