कॅनरीसाठी केलेली कडी

मित्रांनो, मी तारेचा एक जुना पिंजरा आहे आणि मला माझ्याच कडीची भीती वाटते.

कडी नंतर. आधी जन्म.

लुहान गावातल्या एका तारकाम करणाऱ्याने मला कॅनरी पक्ष्यासाठी घडवले. कॅनरी हलका जीव, त्याने दाराला कधी धक्का दिला नाही. म्हणून कडीही तशीच, वाकवलेल्या तारेची. मला विकत घेणाऱ्या, बाग राखणाऱ्या नेलिदाबाईंच्या ओसरीत तो गायचा, येणारे-जाणारे थांबायचे, कौतुकाचा थोडा वाटा मलाही मिळायचा. मग कॅनरी गेला. मला अवजारांच्या खोलीत टांगले. बारा वर्षे मी धूळ खात नुसता ऐकत राहिलो.

कुरतडण्याचा आवाज.

दूरदेशाहून कुणीतरी हौसेने आणलेल्या, तांबूस पोटाच्या खारी बागांत पसरल्या होत्या. पीचच्या झाडांच्या साली सोलायच्या, पाण्याच्या नळ्या तोडायच्या, घरट्यांतली अंडी फस्त करायच्या. बागवाले वैतागायचे. पाहुणे त्यांना बिस्किटे भरवायचे. पाराना नदी मात्र फार रुंद. पलीकडे त्या जाऊ शकत नव्हत्या.

कुणी नेल्याशिवाय.

नेलिदाबाईंचा धाकटा भाऊ अन्सेल्मो नदीपलीकडे राहायचा. बायको गेल्यापासून पेकानच्या, म्हणजे अक्रोडासारख्या फळांच्या, बागेत तो एकटाच. बाईंनी मायेपोटी अक्रोडाची लालूच दाखवून खारींची एक जोडी पकडली, माझ्यात कोंडली, वर निळा लोकरी रुमाल टाकला आणि गाडी काढली.

पुलावर गाडी हादरत होती. नर दाराला धडका देत होता. मादी रुमालाचे धागे ओढून तोंडात भरत होती. मला वाटले, चाळा. माझे लक्ष कडीवर. एक धडक, आहे. दुसरी धडक, आहे. तिसरी...

पूल संपला. कडी टिकली.

अन्सेल्मो फाटकाशीच उभा होता. बाईंनी रुमाल उचलला.

"बघ, तुला सोबत आणलीय. बोलत जा यांच्याशी."

त्याचा चेहरा उतरला. बहिणीच्या बागेतल्या ठिगळ लावलेल्या नळ्या त्याने पाहिल्या होत्या.

"ताई, दाराला हात लावू नकोस."

"एवढा दाढीवाला बाप्या, आणि खारीला घाबरतोस?"

"वाघ आणला असतास तर परवडलं असतं. तो झाडं खात नाही."

बाईंना ते लागले. नको तर नको, म्हणत त्यांनी मला हिसका देऊन उचलले. मी फाटकाच्या खांबावर आपटलो.

कडी पडली.

मादी बाणासारखी झाडावर गेली. नर निघणार तोच अन्सेल्मोने दारावर तळहात दाबला. नर चावला. रक्त माझ्या तळावर ठिबकले, पण त्याने हात काढला नाही.

मग बाईंनी रुमाल उलगडला. एक कोपरा पार विरला होता. त्यांनी त्या भोकावरून बोट फिरवले.

"अन्सेल्मो," त्या हळूच म्हणाल्या, "ती घरटं भरायला धागे नेत होती रे."

वनखात्याची माणसे आली, नराला घेऊन गेली. मला नवी, कडक स्प्रिंगची कडी बसवली आणि आत पेकान ठेवून झाडाच्या बेचक्यात सापळा म्हणून टांगले. बाई घरी परतल्या नाहीत. रोज झाडाखाली खुर्ची टाकून बसतात. भावंडे आता दिवसभर बोलतात. पळालेल्या मादीबद्दलच.

ती माझ्याकडे फिरकत नाही.

मित्रांनो, मी उंचावर आहे. माझ्या वरच्या फांदीत पानांचा एक गोळा आहे. त्यातून निळा धागा लोंबतो. कालपासून आत चिवचिव आहे, बारीक, बाईंच्या कानाला न पोहोचणारी. पानगळ झाली की तो गोळा सगळ्यांना दिसेल. तोवर पिले उड्या मारू लागलेली असतील.

रानातला जीव जिथला तिथेच राहू द्या. कितीही माया आली तरी त्याला पिंजऱ्यात घालून नदीपलीकडे नेऊ नका. आणि तुमच्यापैकी कुणी कधी या झाडाखालून गेलेच, तर त्या बाईंना एवढेच सांगा, जरा वर बघा.