आधी कोणाचा फोटो

"काका, बंद नोका करू," नीलम म्हणाली. "आवाज आयका. आता बंद केलं तं हे डिस्क पुन्हा चालू होनार नाई."

उत्तमरावांनी बटणावरचं बोट मागे घेतलं. अमरावतीतल्या त्यांच्या फोटो स्टुडिओतला जुना कॉम्प्युटर सकाळपासून खरखरत होता. आत वर्षानुवर्षांचे फोटो. गेल्या साली वारलेल्या त्यांच्या बायकोचे, इंदूबाईचेही होते, पण मोजकेच. कॅमेरा दिसला की ती तोंडावर पदर घ्यायची.

बाकावर धारणीहून आलेली गोदाबाई बसली होती. तिची मुलगी सासरी तापानं गेली. मुलीचा एकच फोटो होता, लग्नाआधी इथंच काढलेला; तोच घ्यायला ती आली होती.

कॉम्प्युटर दुरुस्तीला आलेल्या नीलमनं फोटो उतरवून घ्यायला चालू मशीनलाच नवी डिस्क जोडली. बारीक टुणकन आवाज झाला. नवं उपकरण सापडल्याची पाटी पडद्यावर आली, आणि लगेच दुसरी: मशीन बंद करून पुन्हा सुरू करायचं का?

नीलमनं 'नाही'वर दाबलं. पण नवी डिस्क कुठंच दिसेना.

"कावून दिसून नाई राहिली?" उत्तमराव पडद्याजवळ वाकले.

"मशीननं तिले ओळखलं, काका. पन तिले नावासाठी जे अक्षर देल्लं, ते पयलेच दुसऱ्या डिस्कले देऊन ठेवलं हाये." तिनं डिस्कला वेगळं अक्षर दिलं. पडद्यावर नव्या डिस्कची खिडकी उघडली. "सांगा, आधी काय घेऊ? सगळं निघन का नाई, भरोसा नाई."

उत्तमरावांच्या ओठांवर इंदूबाईचं नाव आलं होतं. त्यांनी बाकाकडं पाहिलं. गोदाबाई पडद्याकडं नाही, त्यांच्याकडंच बघत होती.

"बाईच्या पोरीचा," ते म्हणाले. "मंग आमच्या घरचे."

मुलीचा फोटो उतरला. मग घरचे फोटो उतरत असल्याची निळी पट्टी जराशी सरकली, आणि जुन्या डिस्कची खरखर थांबली. पडदा तसाच गोठला. नीलमनं बराच वेळ खटपट केली.

"काका..."

"राहू दे, बेटा."

नव्या डिस्कवरचा फोटो नीलमच्या लॅपटॉपवरून छापून निघाला. गोदाबाईनं त्यावरून बोट फिरवलं.

"हासून राहिली," ती म्हणाली.

"लय हासे. दोनदा काढा लागला होता मले."

फोटो ओला होता. तो वाळेपर्यंत उत्तमरावांनी तिला चहा पाजला. मग एक जाड पुठ्ठा शोधला, फोटोच्या मापाचा कापला आणि फोटोमागं नीट बसवला. धारणीच्या गाडीत गर्दी असते, दुमडला असता.