काढा नव्हे, सूप

सिउफानच्या सूपला नावं ठेवायची दक्षिण चीनमधल्या सनवुईच्या त्या गल्लीत कुणाची टाप नव्हती. खाटकाच्या दुकानापासूनच तिची लढाई सुरू व्हायची. “हे काय देतोयस? कुत्र्यापुढे टाक ते. नळीचं दे, नळीचं!” असं म्हणून ती हवं ते हाड स्वतः उचलायची आणि खाटीकही मुकाट्याने तोडून द्यायचा. घरी आली की हाडं एकदा खळखळून उकळायची, ते पहिलं पाणी ओतून द्यायचं, हाडांवरचा फेस धुवायचा. मग मातीच्या भांड्यात गार पाणी, ठेचलेलं आलं, सुकी लाल बोरं, संत्र्याची जुनी वाळलेली साल आणि वर ज्याला जे लागेल ते. थंडीत एक, उकाड्यात दुसरं, बाळंतिणीला तिसरंच. मग आच बारीक करून ती दुपारभर भांड्याशेजारी पाटावर बसून राहायची. तेवढ्यात कुणी बोलवायला आलं तर दारातूनच वाटेला लावायची.

तिचा नवरा क्वोकहिंग. आयुष्यभर बस चालवून आता घरी बसलेला. बोलण्यात कंजूष, पण खाण्यात नाही.

“म्हाताऱ्या, कसं झालंय?” ती विचारायची.

“बेकार,” तो म्हणायचा. “आणखी एक वाडगा दे, म्हणजे खात्री करून घेतो.”

एवढंच त्यांचं प्रेम. पण रोजचं होतं आणि दोघांनाही पुरत होतं.

तर या क्वोकहिंगच्या हृदयातली एक झडप निकामी झाली. छाती उघडून डॉक्टरांनी धातूची झडप बसवली. तो घरी आला तेव्हा गालफडं बसलेली, ओठ पांढरे, विजार कमरेवर ठरत नव्हती. सिउफान मनाशी म्हणाली, एवढं रक्त गेलंय माणसाचं, ते भरून नको का यायला? ती तडक जडीबुटीच्या दुकानात गेली आणि तोंगक्वायची मुळी घेऊन आली. रक्त वाढवायला तिच्यासारखी मुळी नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जोडीला हृदयासाठी म्हणून लाल मुळी घेतली. दोन्ही हाडांबरोबर भांड्यात गेल्या.

आता इस्पितळातली गंमत ऐका. गंमत कसली, कपाळ! रक्ताच्या गुठळ्या होऊन धातूची झडप अडकू नये म्हणून क्वोकहिंगला रोज एक गोळी दिलेली. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून सारखं रक्त तपासायचं आणि गोळी कमीजास्त करायची. हे सगळं डॉक्टर आऊ या तरुण डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं होतं. दर वेळी त्या विचारायच्याही, “मावशी, वैद्याचं काही चालू आहे का? जडीबुटीची औषधं, काढे?”

“छे हो डॉक्टरबाई! काढा कुठला? कडू काही यांच्या घशाखाली उतरतं का?” सिउफान हसून सांगायची.

खोटं बोलत नव्हती हो ती. काढा म्हणजे वैद्याने नाडी बघून दिलेला, काळाकुट्ट, नाक दाबून प्यायचा. आणि सूप म्हणजे जेवण. भाताआधी वाडग्यातून भुरके मारत पितात ते. कुणी विचारलं, औषध घेता का, तर भाताचं नाव कोण सांगेल? क्वोकहिंगही शेजारी बसून मान डोलवायचा.

रक्ताचा अहवाल मात्र ठिकाणावर येईना. रक्त प्रमाणाबाहेर पातळ निघालं. डॉक्टरांनी गोळी कमी केली. क्वोकहिंगच्या दंडावर निळे डाग दिसायला लागले, दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. सिउफानने ते बघितलं आणि तिला वाटलं, बघा, किती अशक्त झालाय! तिने मुळी वाढवली.

मग क्वोकहिंगला सर्दी झाली. नाक गळतंय, अंगात कणकण. सर्दीत पौष्टिक सूप देत नाहीत. दिलं तर आजार आतच कोंडून बसतो म्हणतात. सिउफान तर या बाबतीत फारच काटेकोर. तिने मुळ्यांचे डबे फळीवर चढवले आणि त्याला नुसती पेज दिली. तो कुरकुरला, तर म्हणाली, “आधी नाक पूस, मग तोंड चालव.”

नेमकी त्याच वेळी तपासणी आली आणि रक्त या वेळी घट्ट निघालं. डॉक्टर आऊ बुचकळ्यात पडल्या. “मावशी, खाण्यापिण्यात काही बदल?”

“काही नाही. सर्दी होती म्हणून पेज दिली, बाकी घरचंच आमचं साधं.”

डॉक्टरांनी गोळी वाढवली. सर्दी गेली. आणि सिउफानने, इतके दिवस बिचाऱ्याच्या पोटात सत्त्व गेलं नाही म्हणून, नेहमीपेक्षा दाट, मुठीने मुळ्या घालून सूप केलं. रोज केलं. क्वोकहिंगने रोज खात्री करून घेतली.

एका सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, डोकं दुखतंय. मग काहीतरी म्हणाला ते तिला कळलंच नाही, जिभेत गोटा अडकल्यासारखं. उजवा हात मांडीवरून घसरला आणि लोंबत राहिला. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

तो वाचला. कँटनहून त्यांची मुलगी मानची धावत आली. डॉक्टर आऊ खाटेजवळ उभ्या राहून पुन्हा पुन्हा कागद चाळत होत्या, त्यांचाही चेहरा उतरलेला. “असं व्हायला नको होतं,” त्या म्हणाल्या. “बाहेरचं काहीच घेत नव्हते ना?”

“नाही हो,” मानची म्हणाली. “बाबा तर आईच्या सूपवरच जगतात.”

“सूपमध्ये काय असतं मावशी?”

आणि सिउफानने सांगितलं. अहो, अभिमानाने सांगितलं! नळीचं हाड, आलं, बोरं, साल, तोंगक्वाय कुठल्या दुकानातली, लाल मुळी किती, भांडं केव्हा उतरवायचं. नवरा असा पडलेला असताना आपण त्याचं किती केलं हे कुणीतरी विचारतंय, याचाच तिला आधार वाटला. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की डॉक्टरबाई खाली स्टुलावर बसल्यात.

“मावशी,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “त्या मुळ्यांनी गोळीचा जोर वाढतो. मी दर वेळी विचारत होते ना?”

“तुम्ही काढ्याचं विचारलंत,” सिउफान म्हणाली. “हे सूप आहे.”

डॉक्टरांनी हातातले कागद मिटून ठेवले. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मानचीने मात्र बाहेरच्या व्हरांड्यात आईचा दंड धरला. “आई, एकदा तरी सांगायचंस गं! एकदा!” आणि मग तीच आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, कारण सुट्टीला आली की त्याच भांड्यातलं सूप तीही प्यायची आणि तिलाही कधी सुचलं नव्हतं.

क्वोकहिंग घरी आला. उजवा हात निकामी, शब्द एकेक करून यायचे. मानचीने जाण्याआधी मुळ्यांचे डबे कचऱ्यात टाकले, आणि सिउफान भिंतीला टेकून बघत राहिली. त्यानंतर तिने सूपचं भांडं चुलीवर चढवलं नाही. चढवायला गेली की ते परत खाली ठेवायची. याच हातांनी केलं, हे मनातून जाईना. कुणी शत्रूने घातलं असतं तर त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या. ती कोपऱ्यावरून पेज आणायची आणि चमच्याने भरवायची. क्वोकहिंग दोन घास खायचा आणि तोंड फिरवायचा. दिवसेंदिवस तो सुकत चालला.

शेवटी डॉक्टर आऊंनीच समजावलं, “मावशी, साधं सूप द्या की! हाडं, गाजर, मक्याचं कणीस. जडीबुटी नको, बस. जेवले नाहीत तर उभे कसे राहणार?”

तेव्हा तिने केलं. नळीचं हाड आणताना खाटकाशी भांडलीसुद्धा नाही, त्याने दिलं ते घेतलं. वाडगा भरून त्याच्यासमोर बसली आणि चमचा पुढे केला. त्याने भुरका मारला, तोंडात घोळवला, गिळला. मग डाव्या हाताने चमचा बाजूला केला आणि बायकोकडे बघत राहिला.

“फान,” तो म्हणाला. “रागावलीस?”

“मी? नाही रे.”

“मग... यात... काहीच नाही.” त्याचे डोळे भरून आले होते. “काय... चुकलं माझं? आजारी... पडलो... म्हणून?”

तिने वाडगा खाली ठेवला. तो घरी आल्यापासून जे गिळत होती ते एका दमात सांगून टाकलं. तुझं काही चुकलं नाही म्हाताऱ्या, माझं चुकलं. त्या मुळ्या, ती गोळी, डॉक्टर विचारत होती आणि मी नाही नाही म्हणत होते. तुझा हात माझ्या सूपने गेला. तुझी जीभ माझ्या सूपने गेली. मी केलं हे. मला काय बोलायचं ते बोल.

तो ऐकत होता. ऐकता ऐकता त्याच्या तोंडाची चांगली बाजू हसायला लागली.

“डॉक्टर...” तो म्हणाला, “पोर आहे... ती. तिला... काय कळतं?”

“अरे, खरंच आहे ते! ऐक माझं!”

“शेजारचा लुंग...” त्याने दम घेतला. “त्याला... हेच झालं. मेला. मी... जगलो.” त्याने डाव्या हाताने तिच्या गालावरचं पाणी पुसलं, वेंधळेपणाने, नाकावरूनच बोट फिरवलं. “तुझ्या... सूपनेच... वाचलो मी.”

तिने पुन्हा सांगितलं. रडत सांगितलं, त्याचा हात धरून सांगितलं. पण तो लहान मुलाची समजूत काढावी तसा मान हलवत राहिला. माफ करायला आधी गुन्हा मान्य करावा लागतो, आणि तिचा गुन्हा मान्य करायला तो मरेपर्यंत तयार होणार नव्हता.

“उद्या,” त्याने वाडग्याकडे बोट दाखवलं. “नीट... कर. पहिल्यासारखं.”

“हो,” सिउफान म्हणाली. “उद्या करते.” आणि चमचा भरून तिने ते बेचव सूप त्याच्या तोंडाशी नेलं.